मागून आणलेलं कापड

आमच्या भाऊकीत कुणालाही विचारा की हे दोघं भाऊ इतकी वर्षं एकमेकांशी का बोलत नव्हते, उत्तर एकच मिळेल. विहिरीच्या पाळीवरून. रात्रीची लाइट कुणाच्या वाट्याला आणि दिवसाची कुणाच्या, यावरून बिनसलं. ऐकणारा मान डोलावतो आणि पुढचं विचारत नाही, कारण विहिरीवरून भाऊ तुटणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

ही गोष्ट खोटी आहे आणि ती मीच पसरवली. आम्ही तुटलो ते एका गोधडीवरून. मी आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे आणि घरात नवं माणूस येऊ घातलं आहे. त्याच्या कानावर तरी खरं पडावं म्हणून हे लिहून ठेवतो.

आईच्या माघारी तिची दोन लुगडी उरली होती. माझ्या धाकट्या भावाच्या बायकोनं ती धुऊन, वाळवून, मध्ये जुन्या धोतरांचे थर घालून एक मोठी गोधडी शिवली. अख्खा उन्हाळा ती शिवत होती. मी शहरात, सिडकोच्या वसाहतीत घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला तिनं ती आणून दिली. बाकीच्यांनी स्टीलचे डबे, भिंतीवरची घड्याळं आणली होती. मी गोधडी हातात घेतली, बरं म्हटलं आणि माळ्यावर टाकली. मला गावाकडचं काही दिसू द्यायचं नव्हतं. ऑफिसातले लोक येणार होते.

पुढच्या दिवाळीच्या आधी घराला रंग दिला. नव्या फरशीवर डाग पडू नयेत म्हणून रंगारी काहीतरी अंथरायला मागत होता. मी माळ्यावरून ती गोधडी काढून दिली. त्याच दुपारी भाऊ आणि त्याची बायको, न कळवता, नव्या मुगाचं पोतं घेऊन आले. माझी बायको तेव्हा माहेरी गेली होती. भावजयीनं दारातून पाहिलं. शिडीचे पाय गोधडीवर होते आणि डिस्टेंपरचे थेंब लुगड्याच्या काठावर पडले होते. ती फक्त म्हणाली, "दादा, चहा नको." भाऊ मात्र बोलला. जे बोलला ते बरोबर होतं, म्हणून मी आवाज चढवला. ते पोतं ठेवून निघून गेले. ती गोधडी पुन्हा घरात ठेवायची मला लाज वाटली, म्हणून मी ती रंगाऱ्याला घेऊन जायला सांगितलं.

बायको परत आल्यावर तिला म्हटलं, धाकटा आला होता, विहिरीच्या पाळीवरून भांडून गेला. गोधडी कुठं गेली असं तिनं नंतर कधीतरी विचारलं, तेव्हा म्हटलं, वाळवी लागली होती. एवढंच. खोटं बोलायला फार वेळ लागत नाही.

आता सुनेचं सांगतो. तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा अर्ध्यावरच सगळं संपलं. यंदा तिसऱ्यांदा राहिलं आणि सातवा महिना लागला तेव्हा घरात सगळे हलक्या पावलांनी चालायला लागले. आमच्याकडं अशा वेळची एक रीत आहे. ज्या घरात मूल टिकत नाही, तिथं येणाऱ्या बाळाची पहिली गोधडी मागून आणलेल्या जुन्या कापडाची करायची. विकत घेतलेलं चालत नाही, स्वतःच्या पेटीतलं चालत नाही. पाच घरी जाऊन मागायचं. ज्यानं आपल्या अंगावरचं कापड दिलं, त्याचा त्या बाळावर हात राहतो असं म्हणतात. पाचातलं एक घर रक्ताचं असावं लागतं.

मुलगा म्हणाला, "आई, डॉक्टर म्हणतात सगळं व्यवस्थित आहे."

"डॉक्टरला कोण नाही म्हणतंय?" बायको म्हणाली. "गोधडी काय डॉक्टर शिवणार आहे?"

मुलगा हसला. त्याला वाटलं विषय संपला. तेवढ्यात सून खाली मान घालून म्हणाली, "मला पाहिजे." तिनं लग्नानंतर या घरात हट्टानं काही मागितलं असेल तर ते एवढंच.

अडचण अशी की शिवायचं कुणी? गेल्या वर्षीच्या चिकुनगुनियानं बायकोची बोटं धरली आहेत. भाकरी थापताना सुद्धा तिला मध्येच हात सोडून बसावं लागतं. तिनं माझ्याकडं बघितलं. "मी सांगते, तुम्ही शिवा. रिटायर होऊन किती वर्षं पेपर वाचणार?"

मी आयुष्यभर कारकुनी केली. सुई हातात धरली ती सदऱ्याचं बटण लावायला, तेवढीच. पण सुनेपुढं नाही म्हणवलं नाही.

सुरुवात अर्थातच चुकीची झाली. मी बायकोला न विचारता मोबाइलवर व्हिडिओ बघितला, गुलमंडीतून कोरं सुती कापड आणलं आणि सरावाला म्हणून एक चौकोन मांडला. कोऱ्या कापडाला खळ असते, हे मला कुठं माहीत? तीन थरांतून सुई पार जाईना. बोटानं रेटली तर मागचं टोक बोटातच घुसलं. दोन ओळी कशाबशा घातल्या तोवर खालचं कापड एका बाजूला गोळा झालं.

बायको बाजूला येऊन उभी राहिली. "पोळी लाटली का गोधडी शिवली?"

"व्हिडिओत असंच आहे."

"व्हिडिओतल्या बाईनं आधी कच्चे टाके घातले असतील. ते तुम्ही पुढं ढकलून बघितलं असेल."

ते खरं होतं. मी तो भाग पुढं ढकलला होता.

मग ती शिकवायला बसली. कापड आधी गरम पाण्यात धुवायचं, म्हणजे आटायचं ते आटतं आणि रंग जायचा तो जातो. पांढरं फडकं ओलं करून त्यावर घासायचं. त्याला रंग लागला तर ते कापड बाळाच्या गोधडीला नको. थर मांडून चारी कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेवायचं. आम्ही वरवंटा, खलबत्ता आणि माझे दोन जाडे शब्दकोश ठेवले. मग सबंध कापडावर लांब लांब कच्चे टाके घालायचे, ते नंतर काढून टाकायला. पक्का धावदोरा काठापासून सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन करत आत यायचं.

सामान फार लागत नाही. कुणी म्हातारा माणूस हे वाचून सुई हातात घेणार असेल तर त्याच्यासाठी सांगतो. शहागंजात शिलाईच्या सामानाची छोटी दुकानं आहेत. तिथं गोधडीची लांब सुई आणि जाड सुती दोऱ्याचं रीळ मागा. अंगुस्तान, म्हणजे बोटात घालायची धातूची टोपी, ती घ्याच. कात्री नवी घेऊ नका. घरातली जुनी धारवाल्याकडून धार लावून आणा. रेघा मारायला शिंप्याचा खडू लागत नाही, अंघोळीच्या साबणाची संपत आलेली पातळ चकती त्याहून चांगली उमटते आणि धुतल्यावर जाते. दोरा गुंतत असेल तर मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या. या सगळ्याला मला जेवढा खर्च आला तेवढ्यात चार मित्रांना चहा-भजी झाली असती.

कापडाचं मात्र वेगळं. सरावाला मी गल्लीतल्या लेडीज टेलरबाईंकडून कातरण आणलं. त्यांनी पिशवी भरून फुकट दिलं आणि घरी आल्यावर कळलं की निम्मं अस्तराचं सॅटिन होतं, सुईखालून सापासारखं सरकणारं. बायकोनं मला एक युक्ती दाखवली. कापडाचा एक धागा काढून काडीनं जाळायचा. राख झाली तर सुती, काळी गोळी झाली तर नाही. त्या आठवड्यात आमच्या घरात दर तासाला काहीतरी जळल्याचा वास यायचा. मुलगा दारातूनच ओरडायचा, "बाबा, सिलेंडर तरी बंद करा!"

सराव झाला. ओळी वाकड्या होत्या, पण ओळी होत्या. आता खरं कापड मागायला निघायचं होतं.

मागणं मला कधी जमलं नाही. ऑफिसात सुद्धा मी कुणाकडं पेन मागितला नाही. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाईंकडं गेलो आणि म्हटलं, जुनं सुती काही असलं तर द्या. त्या आत गेल्या आणि मुलाचे फाटके बूट घेऊन आल्या. "काका, बोहारणीचा धंदा सुरू केला का? भांडं काय देणार?" मग मी कारण सांगितलं. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी त्यांच्या सासऱ्यांचं मऊ धोतर आणून दिलं, वर सुनेसाठी लोणच्याची बरणी दिली. समोरच्या घरात खाला राहतात, त्यांनी मलमलचा दुपट्टा दिला आणि म्हणाल्या, "अल्ला खैर करेगा, भाईसाब, बहू को बोलो सीढ़ियाँ कम चढ़े." टेलरबाईंनी स्वतःचा कॉटनचा गाऊन दिला. दूधवाल्या मावशींनी नवऱ्याचा जुना पंचा दिला. चार घरं झाली. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. लोकांना द्यायला आवडतं, फक्त आपण मागावं लागतं.

पाचवं घर रक्ताचं. मला दुसरा भाऊ नाही, बहीण नाही.

"जा की," बायको म्हणाली. "विहीर आता आहे का तुमच्याजवळ? जमीन तोच कसतो. कशाचं भांडण उरलंय? गावी, शेंद्र्याला जायला तासभर लागत नाही."

तिला वाटत होतं भांडण विहिरीचं आहे. मला माहीत होतं कशाचं आहे. ज्या बाईची गोधडी मी शिडीखाली घातली, तिच्याच दारात गोधडीसाठी चिंधी मागायला जायचं होतं.

मी रविवारी निघालो. जालना रोडच्या बसमध्ये न बसता जाफर गेटच्या बाजाराला गेलो. तिथं जुन्या कपड्यांचे ढीग लागतात. मी एक सुती साडी शोधून काढली, बारीक चौकडीची, बाया शेतात नेसतात तसली. धागा काढून जाळायला काडेपेटी काढली तर विकणारा पोरगा घाबरला.

"क्या चाचा, दुकान जलाते क्या?"

"कापूस बघतोय रे."

"प्योर कॉटन है. चाची खुश हो जाएगी. पहना के देखो."

साडी पिशवीत घातली, बाजारात उगाच दोन चकरा मारल्या आणि दुपारी घरी आलो. बायकोला म्हटलं, दिली. ती पुढं काही विचारेल म्हणून मी तयारी केली होती. पण ती साडी गालाला लावून बसली. इतक्या वर्षांनी धाकट्या जावेच्या घरची वस्तू आली म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं ठरवलं की हे कापड मध्यभागी लावायचं.

मी शिवत राहिलो. कडेला धोतर आणि पंचा, त्याच्या आत मलमल, गाऊनच्या पट्ट्या, आणि मध्ये ती चौकडीची साडी. डोहाळजेवणाला चार दिवस होते. सून शेजारी येऊन बसली. तिनं एकेका कापडावर हात ठेवून कुणाचं कोणतं ते विचारलं. मध्यावर आली आणि म्हणाली, "हे काकूंनी दिलं ना? मग आता सगळे झाले. आता मला भीती नाही वाटत, बाबा."

बायको आतून म्हणाली, "डोहाळजेवणाला मी धाकटीला बोलावणारच आहे. उद्या फोन लावते. तिलाच दाखवू तिचं कापड."

फोनची भीती मला कमीच वाटली. सुनेचं ते वाक्य मात्र मनातून जाईना. मी फार देवभोळा नाही. बाजारातल्या साडीनं बाळाला काही होईल असं मला वाटत नव्हतं. पण तिची भीती गेली होती ती माझ्या खोट्यावर गेली होती. उद्या तिला ते कळलं, तर पुढं तिनं या घरात कशावर विश्वास ठेवायचा?

सकाळी बायको फिरायला गेल्यावर मी मधला तुकडा उसवला. शिवायला दोन दुपारी लागल्या होत्या, उसवायला चहा थंड होईपर्यंतचा वेळ पुरला. गोधडी घडी करून पिशवीत घातली आणि सुनेला म्हटलं, दोरा संपलाय, आणतो.

शेंद्र्याकडं जाताना आता दोन्ही बाजूंना कंपन्याच कंपन्या. फाट्यावर उतरून आत चालत गेलो. भावाची दोन्ही मुलं कंपनीत आहेत, घर पक्कं झालंय, पण अंगण तेच. भाऊ बाजेवर बसून विळ्याला धार लावत होता. त्यानं वर बघितलं, विळा खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"कोण, दादा? वाट चुकला काय?"

"नाही. आलोय."

"व्हय, ते दिसतंय."

भावजय बाहेर आली. केस पांढरे झाले होते. तिनं डोक्यावर पदर घेतला, पाणी आणून दिलं आणि दाराजवळ उभी राहिली. मी मुलांच्या शिफ्टबद्दल विचारलं. तुरीबद्दल विचारलं. म्हशीबद्दल पण विचारलं. भाऊ एकेका शब्दात उत्तर देत होता. शेवटी तिनंच विचारलं, "दादा, पिशवीत काय हाय?"

मी गोधडी काढून तिच्यासमोर बाजेवर पसरली. मध्ये हातभर भोक होतं. तिनं कड उचलली, उलटी करून पाहिली, टाक्यांवरून बोट फिरवलं.

"ह्ये कुणी शिवलं?"

"मी."

तिनं पदर तोंडाला लावला. हसू आवरत नव्हतं. "टाके हायेत का गाडीची चाकोरी? अन् ह्ये रक्ताचे ठिपके कशाचे? अंगुस्तान नाय का तुमच्याकडं?"

"आहे. मोठं होतंय."

"मग आत चिंधी घालायची की. लई शिकलेले तुम्ही."

भाऊ सुद्धा मान वळवून बघायला लागला. मी सुनेचं सांगितलं. आधी दोनदा काय झालं, आता सातवा महिना, पाच घरांची रीत. चार झाली, पाचवं तुमचं, असं म्हटलं.

"शहरात कापड मिळंना झालं काय?" भाऊ म्हणाला.

"मिळालं. जाफर गेटवरून साडी आणली आणि तुमची म्हणून सांगितलं. ती लावली होती इथं मध्ये. आज सकाळी उसवली."

 मग एकदा सुरू केलंच आहे तर म्हणून मी बाकीचंही सांगून टाकलं. ती आईच्या लुगड्यांची गोधडी मी रंगाऱ्याला देऊन टाकली. बायकोला वाळवी सांगितली. विहिरीचं मी उठवलं, म्हणजे लोक मला भांडखोर म्हणतील, पण हलका म्हणणार नाहीत.

भाऊ विळ्याच्या पात्याकडं बघत म्हणाला, "मला बी लोकांनी इचारलं. विहिरीवरून भांडलात म्हणं? मी व्हय म्हणलो. काय सांगणार? फडक्यावरून भाऊ सोडला म्हणून?"

"फडकं?" भावजय म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. पण भावानं विळा खाली ठेवला.

"अख्खा उन्हाळा मान मोडून शिवलं म्या ते. सासूबाईंचा वास जाऊ नये म्हणून साबण सुदीक लावला नव्हता. अन् तुम्ही दोघं भाऊ विहिरीचं सांगत फिरताय. ह्यांनी बी अन् तुम्ही बी. मला वाटत होतं, निदान लोकांना ठावं असंल, माझ्या गोधडीपायी भाऊ भावाला बोलला. मी मनातल्या मनात त्यावर इतके दिवस काढले. अन् त्यात माझं नावच नाय."

मी इतकी वर्षं समजत होतो की मी भावाचा अपराधी आहे. तिच्याकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. त्या दुपारी ती "चहा नको" म्हणाली एवढं मला आठवत होतं, आणि ते आठवून मी स्वतःला समजूतदार समजत होतो.

"चुकलं," मी म्हटलं. "बाई, चुकलं माझं."

"ते तर झालंच," ती म्हणाली आणि आत गेली.

बराच वेळ ती आली नाही. आतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग भांड्यांचा, मग काहीच नाही. भाऊ आणि मी दोघं शाळेत उभं केलेल्या पोरांसारखे अंगणात. मला वाटलं, आता पिशवी उचलावी. पण सुनेला काय सांगायचं?

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घडी केलेली साडी होती, धुऊन धुऊन रंग गेलेली, जांभळी की तपकिरी ते सांगता येणार नाही अशी. मी हात पुढं केला. तिनं साडी मागं घेतली.

"असं नाय. मागायचं तर रीतीनं मागा. बाया पदर पसरतात. तुम्ही काय पसरणार?"

मी अंगावर बघितलं. शर्ट इन केलेला, पँट, हातात मोबाइल. पसरायला माझ्याजवळ काही नव्हतं. पिशवी उलटी करावी का, असा विचार करत होतो. तेवढ्यात भावानं खांद्यावरचा रुमाल ओढून माझ्याकडं फेकला.

"घे. ह्यो पसर."

मी रुमालाची दोन टोकं धरून तिच्यासमोर उभा राहिलो. काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं. "आमच्या सुनेच्या बाळासाठी," एवढंच म्हटलं. "द्या."

तिनं साडी रुमालात ठेवली. मग बोटानं माझ्या खिशाकडं दाखवलं.

"आता जाऊबाईंना फोन लावा. विहिरीचं, वाळवीचं, त्या बाजारच्या साडीचं, सगळं तुमच्या तोंडानं सांगा. मला ऐकू यील असं लावा."

मी स्पीकर लावला. बायकोनं पहिल्याच रिंगला उचलला. "कुठं आहात? दोरा आणायला काय पैठणला गेलात?" मी सांगायला लागलो. मध्ये ती एकदाही बोलली नाही, आणि हे आमच्या संसारात फार थोड्या वेळा झालं आहे. माझं बोलणं संपलं. मला मागून सुनेचा आवाज आला, "काय झालं, आई?" बायको तिला म्हणाली, "काही नाही. तुझे सासरे काकूंकडं गेलेत, कापड मागायला. आज गेलेत." आज या शब्दावर तिनं असा जोर दिला की पुढचं घरी गेल्यावर ऐकायला मिळणार हे मला कळलं.

मग ती म्हणाली, "धाकटे, आहेस का तिथं?"

"हाय, बाई."

"मला काही माहीत नव्हतं गं."

"नसंल. मला ठावं हाय."

"ऐक, डोहाळजेवणाला ये. दोन दिवस आधी ये आणि सुई घेऊनच ये. ह्यांच्या हाताचं काही खरं नाही."

"बघितलं म्या. अंगणात सांडलेल्या ज्वारीवाणी टाके पडलेत."

मग त्या दोघी बोलायला लागल्या. माझा फोन भावजयीनं हातातून घेतला आणि पायरीवर जाऊन बसली. कुणाच्या गुडघ्यांचं, कुणाच्या शुगरचं, कुणाच्या लग्नाचं, मध्येच एकमेकींना ओरडून, मध्येच हसून. मुगाच्या त्या पोत्याचं काय झालं हे सुद्धा निघालं. बायकोनं कबूल केलं की मूग चांगले होते.

भाऊ उठून माझ्याजवळ येऊन बसला. "जेवून जाशील?"

"जाईन."

"पिठलं हाय फक्त."

"चालेल की."

पण जेवण लगेच मिळालं नाही. फोन ठेवल्यावर भावजयीनं जुनी साडी मापात फाडली, गोधडीच्या भोकावर बसवली, कच्चे टाके स्वतः घातले आणि सुई माझ्या हातात दिली. अंगुस्तानात चिंधी भरून दिली. म्हणाली, "तुमच्या सुनेसाठी मागितलंय ना, मग टाक्यांची पहिली वळ तुम्हीच घाला. मी आल्यावर बाकीचं बघते." भाऊ हातावर हनुवटी टेकून बघत होता आणि मध्ये मध्ये "वाकडं जातंय, दादा" असं म्हणत होता. ती त्याला म्हणाली, "तुम्ही गप बसा, तुम्हाला तर गाठ बी येत नाय."

एक बाजू झाली. तिनं गोधडी उजेडात धरली, टाक्यांवरून बोट फिरवलं, एका ठिकाणी थांबली. मी वाट बघत होतो. सरळ आहेत असं ती म्हणाली नाही. पण तिनं ती ओळ उसवली नाही. घडी करून बाजेवर ठेवली आणि ताटं वाढायला आत गेली.